प्रभू लवकर येणार, मग फ्लॅट ठेवायचा कशाला?

पत्राचा सारांश: वडगाव शेरीत राहणारे 54 वर्षांचे एक वाचक लिहितात. भोसरीतल्या कारखान्यात तीस वर्षं लेथवर काम करून त्यांनी मागच्या वर्षी व्हीआरएस घेतली. हातात आलेले तीसेक लाख एफडीत आहेत. फ्लॅट नवरा-बायको दोघांच्या नावावर असून दोघांच्या पगारातून हप्ते फिटले आहेत. पत्नी खासगी हॉस्पिटलमध्ये नर्स, मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, आणि 79 वर्षांची आई घरात. दीड वर्षापासून ते एका प्रार्थनासंगतीत जातात. तिथले सेवक, म्हणजे उपदेशक, शिकवतात की प्रभूचं दुसरं येणं फार तर दोन वर्षांवर आहे, घर आणि ठेवी सांभाळणं म्हणजे अविश्वास, सगळं विकून सुवार्तेला, म्हणजे ख्रिस्ताचा संदेश पसरवण्याच्या कामाला, लावावं. यांची तयारी आहे. पत्नी रडते, सही करत नाही. सेवक म्हणतात, लोटाच्या बायकोची आठवण ठेवा (देव नाश करत असलेल्या सदोम नगराकडे मागे वळून पाहिलं म्हणून ती मिठाचा खांब झाली). मधल्या काळात यांनी सोसायटीत दारोदार पत्रकं टाकली, व्हॉट्सॲप ग्रुपवर शेवटच्या काळाचे व्हिडिओ टाकले, अध्यक्षांनी समज दिली. शेजारच्या घरातले आजोबा वारले तेव्हा हे भेटायला गेले आणि तिथेच पश्चात्ताप आणि न्याय यांवर बोलले. तेव्हापासून ते घर यांच्याशी बोलत नाही. यंदा दिवाळीचा फराळही आला नाही. त्यांचा प्रश्न असा: "विश्वास माझा कमी पडतोय की घरच्यांचा? वेळ थोडा उरला असताना साठवून ठेवणं आणि गप्प बसणं हे पाप नाही का?"

प्रिय भाऊ,

जय ख्रिस्त.

आधी एक सांगते. प्रभू येणार हे तुम्ही खरं मानता, आणि एकदा खरं मानलं की ते आपल्या खिशापर्यंत, घरापर्यंत पोचलं पाहिजे असंही मानता. याबद्दल मला तुमचा आदर वाटतो. आपल्यातले कितीतरी जण दर रविवारी उभे राहून विश्वासांगीकार म्हणतात. जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला तो येणार आहे, हे शब्द ओठांवरून जातात आणि देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, पायऱ्या उतरेपर्यंत विसरूनही जातात. तुमचं तसं झालेलं नाही. त्यामुळे विश्वासाला जरा मुरड घाला, थोडे व्यवहारी व्हा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. उलट मला वाटतं, आपल्या येण्याबद्दल प्रभूने स्वतः जे सांगितलं ते तुम्ही अजून पुरतं मनावर घेतलेलं नाही. आणि ज्यांनी तुम्हाला दोन वर्षांची मुदत दिली त्यांनी तर मुळीच नाही.

मुदतीचं आधी बघू. मत्तयाच्या 24 व्या अध्यायात येशू म्हणतो की तो दिवस आणि ती घटका कोणालाच ठाऊक नाही, स्वर्गातल्या दूतांना नाही, पुत्रालाही नाही, फक्त पित्याला. स्वर्गारोहणाच्या वेळी शिष्यांनी हाच विषय काढला तेव्हाही त्याने सांगितलं की काळ आणि समय जाणणं तुमच्याकडे नाही. तुम्ही माझे साक्षी व्हा. प्रत्यक्ष त्याच्याबरोबर हिंडलेल्यांना जे सांगितलं गेलं नाही ते वडगाव शेरीतल्या एका हॉलमध्ये कसं सांगितलं गेलं, हे विचारण्यात अविश्वास नाही. सेवक म्हणतील, आम्ही तारीख कुठे देतो, अंदाज सांगतो. पण ज्या अंदाजावर माणसाला राहतं घर विकायला सांगता येतं, तो अंदाज राहत नाही.

हे याआधीही घडून गेलं आहे. अमेरिकेत विल्यम मिलर नावाच्या शेतकरी उपदेशकाच्या अनुयायांनी 22 ऑक्टोबर 1844 हा दिवस धरला होता. पुष्कळांनी उभी पिकं शेतात तशीच सोडली. दक्षिण कोरियात 28 ऑक्टोबर 1992 साठी लोकांनी नोकऱ्या सोडल्या, घरं विकली. ज्यांच्या शब्दावर विकली त्या पुढाऱ्याकडे त्या तारखेनंतर मुदत पुरी होणारे रोखे सापडले, आणि फसवणुकीबद्दल त्याला शिक्षा झाली. 2011 मध्ये हॅरोल्ड कॅम्पिंग या रेडिओवरच्या उपदेशकाने 21 मे सांगितला, तो गेल्यावर 21 ऑक्टोबर सांगितला. न्यूयॉर्कच्या एका निवृत्त कर्मचाऱ्याने आयुष्याची पुंजी त्याच्या जाहिरातींवर घातली. पुढच्या वर्षी कॅम्पिंगने आपलं चुकलं असं जाहीर केलं, पण पुंजी काही परत आली नाही. या तिन्ही ठिकाणी मागे गेलेली बहुतेक माणसं तुमच्यासारखीच होती, मनापासून विश्वास ठेवणारी. त्यांचा विश्वास खोटा नव्हता. तो ठेवायला त्यांना जी जागा दाखवली गेली ती चुकीची होती.

1844 ची गोष्ट मात्र तिथे संपत नाही. त्या निराशेतून जे सावरले त्यांच्यातून 1863 साली सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट मंडळी उभी राहिली. प्रभू लवकर येणार हा त्यांचा विश्वास आजही तसाच आहे. आणि याच लोकांनी जगभर शाळा आणि दवाखाने बांधले. आपल्या औंध रस्त्यावरचं स्पायसर विद्यापीठ त्यांचंच. त्यांच्या सगळ्या शिकवणीशी मी सहमत आहे असं नाही. पण वाट पाहणाऱ्या माणसांनी इमारतींचे पाये खणले, झाडं लावली, मुलांना पदव्या दिल्या, आणि यात त्यांना विसंगती दिसली नाही, हे तुम्ही एकदा त्या आवारातून चालत जाऊन बघावं असं मला वाटतं.

आता तुम्हाला जे खरं टोचतंय त्याकडे येते. एफडी मोडली नाही, फ्लॅट ठेवला, तर प्रभूवर आपला भरवसा नाही असं होतं का?

मत्तयाचा 25 वा अध्याय काढा. दहा कुमारींचा दृष्टांत आपण लहानपणापासून ऐकतो, पण एक गोष्ट त्यात निसटून जाते. दिवे दहाही जणींकडे होते, पेटलेले होते, आणि झोप दहाही जणींना लागली. फरक एकच होता. पाच जणींनी तेलाचा जादा साठा बरोबर घेतला होता. म्हणजे वराला उशीर होऊ शकतो हे त्यांनी धरून ठेवलं होतं. बाकीच्या पाच जणींनी तो आत्ता येईल असा हिशेब केला, आणि प्रभू त्यांना मूर्ख म्हणतो. भाऊ, तुमचे सेवक ज्याला विश्वास म्हणतात तो या दृष्टांतात कोणाच्या बाजूला पडतो, ते तुम्हीच बघा. पुढचाच दृष्टांत दासांच्या स्वाधीन केलेल्या पैशाचा. तिथेही धनी पुष्कळ काळानंतर परत येतो. ज्यांना शाबासकी मिळते त्यांनी धन्याचा पैसा कामाला लावला होता. फुंकून टाकला नव्हता आणि पुरूनही ठेवला नव्हता.

या पुरण्याबद्दल तुमच्या घरच्यांनाही मी ऐकवीन. एफडी काढून ठेवली, आता देवाचा तिच्याशी संबंध नाही, असं जर कोणी म्हणत असेल तर तेही बरोबर नाही. पैसा तुमचा नाही, धन्याचा आहे, हे तुमचं म्हणणं पक्कं आहे. म्हणून तर तो एका आवेगात दुसऱ्याच्या हवाली करायचा तुम्हाला अधिकार नाही. कारभाऱ्याला हिशेब द्यायचा असतो.

लूक 12 मध्ये प्रभू विश्वासू आणि विचारशील कारभाऱ्याचं चित्र काढतो. धनी येतो तेव्हा हा कारभारी काय करताना सापडतो? घरातल्या माणसांना वेळच्या वेळी त्यांचा शिधा देताना. बस, एवढंच. मला हे वचन फार मोठं वाटतं. तो गच्चीवर जाऊन रस्ता न्याहाळत नाही, कोठार विकत नाही. आज घरात कोण जेवायचं आहे हे त्याला ठाऊक आहे आणि त्याच्या हातात माप आहे. वाईट कारभाऱ्याचा दोषही बघा. तो धन्याच्या माणसांना मारहाण करू लागतो, स्वतः खातपीत सुटतो. धन्याबद्दल आपण काय मानतो ते धन्याच्या माणसांशी आपण कसे वागतो यावरून उघडं होतं, असं मी यातून घेते.

तुमच्या घरात शिधा कोणाकोणाला द्यायचा आहे? आई 79 वर्षांच्या आहेत. मुलीची दोन वर्षांहून अधिक फी बाकी आहे. मार्काच्या सातव्या अध्यायात येशू परूश्यांवर, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या पंथावर, कडाडतो तो याच मुद्द्यावर: आईबापांना ज्याचा आधार व्हायचा तो पैसा 'कुर्बान' आहे, देवाला वाहिला आहे, असं म्हणून ते मोकळे होत. देवाचं नाव घेऊन आईच्या औषधपाण्याचे पैसे बाजूला काढणं प्रभूला मान्य नाही, इतकं हे स्वच्छ आहे. प्रेषित पौलही आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहितो की जो स्वकीयांची, विशेषतः घरच्यांची तरतूद करत नाही त्याने विश्वास नाकारला आहे. तुम्ही ज्याला अविश्वास म्हणता आणि पौल ज्याला अविश्वास म्हणतो ते अगदी उलटसुलट झालं आहे.

तुम्ही म्हणाल, मग त्या विधवेचं काय? तिने दानपेटीत दोन टोल्या, अगदी लहान नाणी, टाकल्या, तिची सगळी उपजीविका. हो, आणि प्रभूने तिचं कौतुक केलं. पण त्या गोष्टीच्या अगदी वरचं वचन वाचा, मार्क 12:40. विधवांची घरं गिळणाऱ्या आणि देखाव्यासाठी लांबलचक प्रार्थना करणाऱ्या शास्त्र्यांपासून जपा, असं सांगून मग तो दानपेटीसमोर बसला आहे. तिने दिलं ते आपलं होतं आणि कोणी मागितलं नव्हतं. श्रीमंत तरुणाला सगळं विकायला सांगितलं तेही खरं. पण श्रीमंत जकातदार जक्कयाने अर्धी मालमत्ता द्यायची ठरवली आणि प्रभू म्हणाला, आज या घराला तारण झालं. सुसान्ना, योहान्ना या बायका आपल्या पैशाअडक्याने त्याची सेवा करत राहिल्या. पौलाला आपल्या घरी ठेवून घेणाऱ्या लुदियेने घर विकलं असतं तर फिलिप्पैमध्ये पौल उतरला असता कुठे? जमीन विकून काही पैसा लपवून ठेवणाऱ्या हनन्या आणि सप्पीरा या जोडप्यातल्या हनन्याला पेत्र काय म्हणतो तेही पाहा: जमीन विकण्यापूर्वी ती तुझीच होती ना, विकल्यावरही पैसा तुझ्याच हाती होता ना? प्रेषितांनी सुद्धा सक्ती केली नाही. त्या दोघांचं पाप खोटं बोलण्याचं होतं.

आमच्या मंडळीत मी काही वर्षं खजिनदार होते. कापणीच्या सणाला देवळात सगळे आपापलं उत्पन्न आणतात, उपासनेनंतर आवारात लिलाव होतो. भोपळे, नारळ, शेवग्याच्या शेंगा, केक, कोणी लोणच्याची बरणी. घरकाम करणारी एक मावशी दर वर्षी परडीत सहा अंडी घेऊन येते, प्रत्येक अंडं पुसून, खाली वर्तमानपत्राचा तुकडा घालून. लिलावात त्या अंड्यांची बोली कोंबडीच्या किमतीच्या वर जाते, कारण ती कोणी आणली हे सगळ्यांना माहीत असतं. कोंबड्या तिने घरी ठेवलेल्या असतात, म्हणून पुढच्या वर्षीही परडी येते. मंडळीचं काम अशा देण्यावर चालतं. एकदाच आलेल्या मोठ्या रकमेवर ते चाललेलं मी पाहिलेलं नाही. मोठी रक्कम आली की बहुधा भांडणं आलेली पाहिली आहेत.

आता लोटाची बायको. हे वाक्य तुमच्या पत्नीवर फेकलं गेलं याचं मला फार वाईट वाटलं. नाईट ड्युट्या करून, पाय सुजवून तिने त्या फ्लॅटचे हप्ते भरले. ती मागे वळून सदोमाकडे पाहत नाही. ती सासूच्या गोळ्यांकडे आणि मुलीच्या फीकडे पाहते आहे. हे वचन लूक 17 मध्ये आहे, 32 वं. त्याच अध्यायात नऊ वचनं वर, 23 व्या वचनात, प्रभू म्हणतो की लोक तुम्हाला 'पाहा, इथे, पाहा, तिथे' असं सांगतील, तुम्ही त्यांच्या मागे जाऊ नका. सेवकांनी 32 वं वाचलं आणि 23 वं सोडलं. आणि तीन वचनं खाली दोन बायका आहेत. एकत्र दळत बसलेल्या. एक घेतली जाते, दुसरी ठेवली जाते. घेतली गेली ती काही जातं सोडून प्रार्थनेला गेलेली नव्हती. शेवटच्या घटकेपर्यंत दोघी त्याच जात्यावर होत्या, तेच पीठ पडत होतं. म्हणजे वाट पाहणारा माणूस बाहेरून वेगळा दिसेलच असं नाही. तुमची पत्नी रात्री दोन वाजता कोणाचं सलाईन बदलत असेल तेव्हा प्रभू आला, तर तिला लाज वाटायचं काही कारण नाही.

घरात विश्वास कोणाचा कमी पडतोय, हा प्रश्नच मला सोडून द्यावासा वाटतो. तो प्रश्न घरात शिरला की प्रत्येक संभाषणात एक जण आरोपी होतो. फ्लॅटवर तिचं नाव आहे, तिच्या सहीशिवाय तो विकता येत नाही. कायद्याचं हे बंधन देवाने तुमच्या घरावर ठेवलेली कृपा समजा.

केडगाव तुम्हाला नवीन नसेल. दौंडच्या गाडीने गेलं की तासा-दीड तासात तिथे उतरता येतं. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली-बायका घेऊन आल्या आणि केडगावचा त्यांचा आश्रम, मुक्ती मिशन, वाढला. 1905 मध्ये तिथे मोठं आत्मिक जागरण झालं, रात्र-रात्र प्रार्थना चालत. त्याच आवारात विहिरी खणल्या जात होत्या, फळबाग होती, छापखाना होता, मुली कामं शिकत होत्या. रमाबाई इब्री आणि ग्रीक भाषांमधून सगळं पवित्र शास्त्र मराठीत आणत होत्या, वर्षानुवर्षं. 1922 मध्ये त्या गेल्या, ग्रंथ 1924 मध्ये बाहेर आला. प्रभूच्या येण्याची आशा त्या जागरणात कमी नव्हती. तरी विहीर खणणं थांबलं नाही, कारण मुलींना उद्या पाणी प्यायचं होतं.

शेजाऱ्यांकडे येते. इथे मला तुमच्याशी जरा स्पष्ट बोलावं लागेल.

साक्ष देणं ही आपल्याला मिळालेली आज्ञा आहे आणि तिची लाज बाळगायचं कारण नाही. घटनेचं 25 वं कलमही आपला धर्म पाळण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क देतं. 1977 मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रसार म्हणजे आपल्या श्रद्धेची शिकवण इतरांपुढे मांडणं. दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. मला हा निकाल सुवार्तेच्या आड येणारा वाटत नाही. माणसाचं मन फिरवणं हे पवित्र आत्म्याचं काम, ते आपण आपल्या हातात घेतलं की गडबड होते. आणि मदतीला श्रद्धेची अट कधीही लावू नका. कायद्यासाठी नव्हे फक्त, प्रभूने बरे केलेल्या दहा कुष्ठरोग्यांपैकी नऊ परत आले नाहीत तरी ते बरेच राहिले म्हणून.

पण ज्या घरात प्रेत नुकतंच उचललं गेलं आहे तिथे जाऊन न्यायाविषयी बोलणं, ही साक्ष नव्हे. तुमच्या मनात त्यांच्याविषयी कळकळ होती हे मी मानते. वेळ थोडा आहे या धास्तीने तुम्हाला घाई झाली. तरी त्यांनी ऐकलं ते काय? आमचे आजोबा कुठे गेले हे हा शेजारी आम्हाला सांगतो आहे, एवढंच. मुलंबाळं आणि सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत. त्यांचं जे काही बरोबर होतं ते त्या सात दिवसांत. तोंड उघडल्यावर त्यांनी सगळं बिघडवलं. आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी येशू पुनरुत्थान घेऊनच आला होता, तरी तो आधी रडला.

सोसायटीच्या ग्रुपचंही तसंच. पाण्याचा टँकर कधी येणार, लिफ्ट कधी सुरू होणार, हे त्या ग्रुपवर कळतं. त्यामुळे तो कोणाला सोडता येत नाही. जिथून माणसाला उठून जाता येत नाही तिथे त्याला उपदेश ऐकवणं म्हणजे त्याचं दार आपण बाहेरून लावून घेणं. पेत्राने लिहिलंय की तुमच्या आशेचं कारण जो विचारेल त्याला उत्तर द्या, सौम्यतेने आणि आदराने. कोणीतरी विचारावं असं आपलं जगणं असलं पाहिजे, हे त्यात गृहीत आहे.

नारायण वामन टिळकांना नवा करार मिळाला तो रेल्वेच्या डब्यात, राजनांदगावला जाताना. समोरच्या गोऱ्या प्रवाशाने त्यांच्याशी मान देऊन बोलायला सुरुवात केली, काव्यावर गप्पा झाल्या, मग पुस्तक हातात दिलं, वाचा म्हणाला. टिळकांना त्याचं नावही माहीत नव्हतं. 1895 मध्ये टिळकांचा बाप्तिस्मा झाला. आणि पुढे ते स्वतः सांगत की तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या चरणी आलो. तुमच्या शेजारच्या घरात हरिपाठ म्हटला जात असेल, तर तिथे ऐकायलाही बसता आलं पाहिजे. पालखी नाना पेठेत मुक्कामाला असते तेव्हा जवळच आपल्या लोकांची वस्ती आणि देवळं आहेत. थकलेल्या वारकऱ्याला पाणी देताना त्याला काही पटवून द्यावं लागत नाही.

तर आता करायचं काय, ते सांगते. तुमच्यासारख्या अडचणीत असलेल्या इतरांनीही यातलं आपल्याला लागू पडेल ते घ्यावं.

शेजारी जा, एकटे, हातात काही न घेता. आजोबा गेले तेव्हा मी तुमचं दुःख ऐकायला यायला हवं होतं, मीच बोलत बसलो, मला माफ करा, एवढं म्हणा. त्यानंतर 'पण' हा शब्द आणू नका. ते दारातूनच परत पाठवतील, तर परत या. नाताळला करंज्या-शंकरपाळ्यांचं ताट नेहमीसारखं पाठवा, वर पत्रक ठेवू नका. ग्रुपवर एक ओळ टाका की यापुढे इथे सोसायटीच्या कामापलीकडचं काही पाठवणार नाही.

सुवार्तेची जी आग तुमच्यात आहे तिला काम द्या. मत्तय 25 च्या शेवटी राजा ज्यांना आशीर्वादित म्हणतो त्यांनी भुकेल्याला खायला दिलं, आजाऱ्याला आणि तुरुंगातल्याला भेटले, आणि आपण हे त्याच्यासाठी केलं हे त्यांना माहीतसुद्धा नव्हतं. येरवड्याचा तुरुंग तुमच्या घरापासून जवळ आहे. मुलाखतीसाठी लांबच्या गावांहून आलेल्या बाया बाहेर ताटकळत असतात, कोणता अर्ज कुठे द्यायचा त्यांना कळत नाही. ससूनमध्ये रुग्णाचे नातेवाईक रात्री जिन्याखाली झोपतात. आणि तुमच्याकडे लेथवरची तीस वर्षं आहेत. आयटीआय करून बाहेर पडलेल्या पोराला ड्रॉइंग वाचायला आणि व्हर्नियर नीट धरायला शिकवलं तर त्याच्या पगारात फरक पडतो. ही विद्या धन्याने तुमच्या स्वाधीन केली आहे, तिचा हिशेब एफडीच्या आधी मागितला जाईल असं मला वाटतं. ज्या पोरांबरोबर तुम्ही संध्याकाळी असे उभे राहाल, त्यातला एखादा कधीतरी विचारेल की काका, तुम्ही हे फुकट का शिकवता. तेव्हा सांगा.

पैशाबाबत. घर किंवा ठेवी संगतीला देऊन टाकणाऱ्या कोणत्याही बक्षीसपत्रावर सध्या सही करू नका. नोंदणी झालेलं बक्षीसपत्र मन बदललं म्हणून परत घेता येत नाही. संगतीला जायचं तर जा, पण सेवकांना चार गोष्टी विचारा. ट्रस्टची धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे का, बँक खातं कोणाच्या नावावर आहे, दर वर्षीचं ऑडिट सभासदांना दाखवतात का, आणि सेवकांनी स्वतःचं घर, गाडी, ठेवी विकल्या आहेत का. यात उद्धटपणा नाही. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी जमवलेली रक्कम नेताना कोणी बोट दाखवू नये म्हणून पौलाने मुद्दाम बरोबर मंडळ्यांनी निवडलेली माणसं घेतली, ते 2 करिंथ 8 मध्ये आहे. थेस्सलनीकात प्रभूचा दिवस आलाच म्हणून काहींनी कामं सोडली तेव्हा त्याने लिहिलं, जो काम करत नाही त्याने खाऊही नये. आणि तो स्वतः रात्रंदिवस हातांनी काम करून उपदेश करत होता, कोणावर भार पडू नये म्हणून. चार प्रश्नांनी जो सेवक दुखावतो त्याच्या हाती घर द्यायचं नाही.

मग एका रविवारी दुपारी पत्नीबरोबर कागद घेऊन बसा. तिला आधी बोलू द्या. तिला कशाची भीती वाटते ते सगळं ऐका आणि मध्ये वचन उद्धृत करू नका. आईच्या आजारपणाची आणि मुलीच्या शिक्षणाची रक्कम आधी वेगळी काढा. बाकीच्या ठेवीच्या व्याजातला दशांश, किंवा तिची मनापासून संमती असेल तर त्याहून जास्त, दर महिन्याला द्या, अर्धा मंडळीला आणि अर्धा तुम्ही ज्या कामात उतराल त्याला. पावती घ्या. पौल म्हणतो तसं, जितकं देताना मन आनंदी राहील तितकं. जबरदस्तीने काही नको. घर सुवार्तेला लावायचंच असेल तर ते उघडं ठेवून लावा. पेत्र आपल्या पहिल्या पत्रात सर्वांचा शेवट जवळ आला आहे असं लिहितो, आणि लगेच पुढे काय सांगतो, तर कुरकुर न करता एकमेकांचा पाहुणचार करा. पाहुणचाराला घर लागतं. बाहेरगावाहून शिकायला आलेल्या मुलांना महिन्यातून एकदा जेवायला बोलवा.

आणि मृत्युपत्र करा, दोघांनीही. त्यात तुमचा हिस्सा, पत्नीची आणि मुलीची सोय झाल्यावर, एखाद्या मिशन-दवाखान्याला किंवा वसतिगृहाला ठेवता येईल. जवळचे नातेवाईक असलेल्या ख्रिस्ती माणसाने धर्मादायाला दिलेल्या मृत्युपत्रातल्या देणगीवर 1925 च्या भारतीय वारसा कायद्यात वेगळी बंधनं होती. 118 वं कलम ते. सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये ते रद्द केलं. मृत्युपत्र हयातीत केव्हाही बदलता येतं, दोन साक्षीदार लागतात, वकिलाकडून मसुदा करून घ्या.

तुमच्या जुन्या मंडळीच्या पाळकांना घरी बोलवा. दीड वर्षात तुम्ही त्यांच्याकडे गेला नसाल तर ते रागावतील असं समजू नका. पत्नीसमोर बोला, आईंनाही बसू द्या. मुलीला सुट्टी असेल असा दिवस धरा, कारण या सगळ्यात तिला कोणीच काही विचारलेलं दिसत नाही.

प्रभूत तुमची,
बहीण